धूमकेतू आभाळात आहे, मग द्विनेत्रीत का सापडत नाही?

दर वेळी हेच होतं. बातमी येते, मोबाईलवर हिरव्या डोक्याचे आणि लांबलचक शेपटीचे फोटो फिरू लागतात, कपाटातली द्विनेत्री (बायनॉक्युलर) बाहेर निघते आणि गच्चीवर तासभर मान वाकडी करून झाल्यावर प्रश्न येतो : "आम्हालाच का दिसत नाही?" जुलै २०२० मध्ये निओवाइजच्या वेळी हा प्रश्न आला होता. तेव्हा महाराष्ट्रापुरतं अर्धं उत्तर पावसाळी ढग हेच होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलासच्या वेळी तो आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये लेमनच्या वेळी पुन्हा आला. पुढच्या धूमकेतूलाही येणारच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

दोष सहसा द्विनेत्रीचा नसतो. वेळ चुकलेली असते, फोकस ताऱ्यावर केलेला नसतो किंवा डोळा भलतंच काही शोधत असतो. या तिन्हींवर पैसे खर्चून उपाय होत नाही. तेव्हा नवी द्विनेत्री मागवण्याआधी पुढची तपासणी करा, आणि ती याच क्रमाने करा. बहुतेक जण थेट धूमकेतूपासून सुरुवात करतात. मग काही दिसलं नाही की गडबड नेमकी कुठे झाली हे कळायला मार्गच उरत नाही.

त्याआधी एक सक्त नियम. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय द्विनेत्री पश्चिमेकडे वळवायची नाही. संध्याकाळचे धूमकेतू सूर्याच्या आसपासच असतात, त्यामुळे "जरा लवकर बघू" हा मोह होतो. द्विनेत्रीतून क्षणभर सूर्य डोळ्यात गेला तरी पडद्याला कायमची इजा होऊ शकते, आणि ती होताना दुखतही नाही. गच्चीवर मुलं असतील तर सूर्य बुडेपर्यंत द्विनेत्री पिशवीतच राहू द्या.

शोधताय तो धूमकेतू नक्की कोणता?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण ऑक्टोबर २०२५ आठवा. त्या महिन्यात संध्याकाळच्या आभाळात एकाच वेळी दोन धूमकेतू होते. लेमन, म्हणजे सी/२०२५ ए६, वायव्येला स्वाती ताऱ्याच्या बाजूला होता. स्वान, म्हणजे सी/२०२५ आर२, होता नैर्ऋत्येला धनु राशीच्या परिसरात. आणि बातम्यांमध्ये गाजत होता तिसराच : ३आय/ॲटलास, सूर्यमालेबाहेरून आलेला पाहुणा. तो तेव्हा पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पलीकडे होता आणि नंतर बाहेर आल्यावरही साध्या द्विनेत्रीच्या आवाक्यातला नव्हता. लोक बातमी वाचायचे तिसऱ्याची, नकाशा उघडायचे दुसऱ्याचा आणि फोटो बघायचे पहिल्याचे.

"ॲटलास" हे नाव तर शोधकार्यासाठी जवळपास निरुपयोगी आहे. पृथ्वीच्या दिशेने येणारे लघुग्रह हेरणाऱ्या दुर्बिणींच्या जाळ्याचं ते नाव, आणि त्या जाळ्याने पकडलेल्या प्रत्येक धूमकेतूला तेच लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सूर्याजवळून गेलेला सी/२०२४ जी३ सुद्धा ॲटलासच. "वर्षातला सर्वांत तेजस्वी" म्हणून त्याची बातमी खरी होती, पण तो मिरवला दक्षिण गोलार्धात. आपल्याकडे संध्याकाळी त्याच्यामागे लागलेल्यांना क्षितिजावरची धूळ तेवढी दिसली. म्हणून नाव नव्हे, क्रमांक बघा. सी/२०२५ ए६ यातलं ए म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, आणि ६ म्हणजे त्या पंधरवड्यातला सहावा शोध. फिरत आलेल्या मेसेजमध्ये क्रमांकच नसेल तर तो मेसेज बाजूला ठेवा.

द्विनेत्री ताऱ्यावर तपासून घ्या

अंधार पडू लागला की पहिल्यांदा एखादा तेजस्वी तारा धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वायव्येला उंचावर अभिजित असतो, तो उत्तम. समोरच्या इमारतीवर किंवा डोंगरावर केलेला फोकस ताऱ्याला चालतोच असं नाही, आणि धुरकट वस्तूच्या बाबतीत थोडासा फरकही महागात पडतो. फोकस चुकला की ताऱ्याची चकती होते, पण तारा निदान दिसतो तरी. धूमकेतू मात्र आभाळात विरूनच जातो.

फोकस असा करायचा. आधी दोन्ही नळ्या बिजागरीवर जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होऊ द्या. मग उजव्या भिंगापुढे हात धरा (हात भिंगाला टेकवू नका) आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस करा, तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत. आता डावं भिंग झाका आणि उजव्या नेत्रिकेवरची (डोळ्याला लावायच्या भिंगावरची) कडी फिरवून उजव्या डोळ्याला तारा तसाच बारीक करा. चष्मा फक्त नंबराचा असेल तर काढून फोकस केला तरी चालतो. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवा आणि नेत्रिकेचं रबर खाली दुमडा.

हे सगळं केलं तरी गच्चीवर एक गोष्ट हमखास घडते. द्विनेत्री काकांकडे जाते, काकांकडून शेजारच्यांकडे, तिथून मुलांकडे. प्रत्येक जण काही दिसत नाही म्हणून सापडेल ते चाक फिरवतो, आणि बहुतेकदा सापडते ती उजव्या नेत्रिकेची कडी. परत तुमच्या हातात येईपर्यंत एका डोळ्यापुढे तारे आणि दुसऱ्यापुढे धुकं. त्या कडीवर स्वतःच्या जागेची खूण म्हणून चिकटपट्टीचा तुकडा लावा. दुसऱ्याला देताना "फक्त मधलं चाक फिरव" एवढंच सांगा आणि परत आली की आधी अभिजित बघा, मगच पश्चिमेकडे वळा.

प्रत्येक ताऱ्याभोवती धुरकट वलय दिसतंय आणि ते फोकस करून जात नाही? मग द्विनेत्री दिवसा उजेडाकडे धरून पुढच्या बाजूने आत डोकवा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत दोन-तीन पावसाळे कातडी पिशवीत काढलेल्या द्विनेत्रीला ती लागतेच. घरी खोलून पुसायच्या भानगडीत पडू नका, आतल्या लोलकांची जुळणी बिघडली की एकाचे दोन तारे दिसू लागतात. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. पुढच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला.

कोणती द्विनेत्री हवी, हाही प्रश्न येतोच. ७×५० किंवा १०×५० पुरते, ८×४२ सुद्धा चालते (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिमीमध्ये). १०×५० मधून साधारण साडेसहा अंशांचं आभाळ एका वेळी दिसतं आणि शोधण्यासाठी तेवढी रुंदी लागतेच. लालभडक लेपाची किंवा "झूम" लिहिलेली स्वस्त द्विनेत्री असेल तर अपेक्षा कमी ठेवा. मोठी २०×८० कुणी दिली तर तिवईशिवाय तिचा उपयोग नाही.

हात थरथरतात म्हणून धूमकेतू हुकल्याची उदाहरणं मला भिंगांच्या दोषापेक्षा जास्त माहीत आहेत. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. कठडा नसेल तर हाताची प्लास्टिकची खुर्ची घ्या, पाठ टेकून बसा आणि द्विनेत्री मागच्याऐवजी पुढच्या टोकाजवळ धरा. हातात न दिसणारा सहाव्या प्रतीचा तारा टेकू दिल्यावर लगेच दिसतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक). करून बघा.

वेळेची खिडकी अर्ध्या तासाची असते

सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संध्याकाळच्या धूमकेतूच्या बाबतीत दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध चालतात. आभाळ काळं व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात धूमकेतू खाली सरकत असतो. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर साधारण पन्नास मिनिटांनी सूर्य क्षितिजाखाली १२ अंश जातो आणि सव्वा तासाने १८ अंश. १८ अंशांनंतर संधिप्रकाश संपला असं मानतात. तेवढ्यात पश्चिमेच्या वस्तू तासाला १२ ते १४ अंश खाली येतात, म्हणजे दहा मिनिटांत दोन-सव्वादोन अंश. हात लांब केल्यावर करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते. दहा मिनिटं कुणाशी गप्पा मारल्यात तर धूमकेतू दोन करंगळ्या खाली उतरला.

परदेशी संकेतस्थळांवरचे तक्ते इथे फसवतात. ते बहुधा ४० ते ५० अंश उत्तर अक्षांशासाठी असतात. तिथे संधिप्रकाश रेंगाळतो आणि सूर्याच्या उत्तरेला असलेला धूमकेतू तिरका-तिरका सावकाश उतरतो. आपल्याकडे सगळं जवळजवळ सरळ खाली बुडतं. लेमन सूर्याच्या बराच उत्तरेला होता, त्यामुळे युरोपात तो आपल्यापेक्षा उंच आणि जास्त वेळ दिसत होता. "सूर्यास्तानंतर दीड तासाने निवांत बघा" हा तिथला सल्ला आपण पाळला असता तर दिवाळीच्या दिवसांत लेमन क्षितिजाच्या धुरळ्यात गेलेला असता.

"सात वाजता बघा" असे मेसेजही कामाचे नाहीत. नागपूरला सूर्य पुण्यापेक्षा वीस-बावीस मिनिटं आधी मावळतो. सात म्हणजे पुण्यात नुकतं अंधारलेलं असतं आणि नागपुरात धूमकेतू बराच खाली गेलेला असतो. घड्याळ न धरता स्वतःच्या गावच्या सूर्यास्तापासून मिनिटं मोजा. दिनदर्शिकेवरचा सूर्यास्तही बहुधा एखाद्या मोठ्या शहराचा असतो, तेव्हा मोबाईलवर आपल्या जागेचा बघून घ्या. चौथ्या-पाचव्या प्रतीच्या धूमकेतूसाठी सूर्यास्तानंतर ४० मिनिटांनी शोध सुरू करा आणि सव्वा तासापर्यंत किंवा तो मावळेपर्यंत सोडू नका. पहिल्या-दुसऱ्या प्रतीचा असेल तर अर्ध्या तासानेच द्विनेत्री लावायला हरकत नाही.

उंचीही आधी मोजा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की १० अंश, मधली तीन बोटं ५ अंश, अंगठा आणि करंगळी ताणून वीत केली तर साधारण २० अंश. नकाशात शोधाच्या वेळची उंची दहा अंश असेल तर एका मुठीची उंची. आता गच्चीवरून बघा, समोरची इमारत किती मुठींची आहे? दोन मुठींची असेल तर प्रश्न तिथेच मिटला, जागा बदला.

जागा मोकळी असली तरी हवा आडवी येते. क्षितिजापासून १० अंशांवर आपण माथ्याच्या तुलनेत साधारण साडेपाच पट हवेतून बघत असतो, ५ अंशांवर दहा पट. त्यात ऑक्टोबरची धूळ. स्वच्छ वाटणाऱ्या संध्याकाळीही इतक्या खालच्या वस्तूचं तेज दीड-दोन प्रतींनी सहज घटतं. लेमन पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला २१ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. अमावास्या, म्हणजे चंद्राचा अडथळा शून्य, पण फटाक्यांच्या धुराने शहरांतली पश्चिम अशी भरली की स्वाती सापडली तरी नशीब. जे शहराबाहेर होते त्यांनीच त्या संध्याकाळचा फायदा घेतला.

अंधारी जागा आणि अंधारी पश्चिम यांत फरक आहे

नेहमीच्या तारेदर्शनाला मुंबईकर वांगणी, नेरळ, कर्जतकडे जातात. माथ्यावरचं आभाळ बघायचं तर ते बरोबरच आहे. संध्याकाळच्या धूमकेतूला मात्र ते उलटं पडतं. तुम्ही शहराच्या पूर्वेला गेलात, म्हणजे शहराचा सगळा उजेड तुमच्या पश्चिमेला आला, नेमका जिथे शोध घ्यायचा तिथेच. पुण्याहून दौंड-यवतच्या बाजूला गेलात तरी तीच गोष्ट. पश्चिमेचा धूमकेतू बघायला शहराच्या पश्चिमेला जावं. पुण्याच्या माणसाने मुळशी-ताम्हिणीकडे, मुंबईच्या माणसाने अलिबागच्या खालच्या किनाऱ्यांकडे. समुद्रकिनाऱ्यावर क्षितिज अगदी मोकळं मिळतं. दमट हवेमुळे शेवटचे चार-पाच अंश वाया जातात, पण दोन मुठींची इमारत समोर असण्यापेक्षा ते बरं. विदर्भातल्यांना पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान, ठरला.

ॲप दाखवतंय तिथे काहीच नाही

ॲपमधला धूमकेतू त्याच्या कक्षेच्या आकड्यांवरून काढलेला असतो आणि ते आकडे जुने असले तर जागा चुकते. संगणकावरच्या स्टेलॅरियम या आभाळाच्या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये नवा धूमकेतू आपोआप येत नाही. प्लगइनमध्ये सोलर सिस्टीम एडिटर आहे, तो चालू करून मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रह-धूमकेतूंच्या कक्षांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून ताजे आकडे उतरवून घ्यावे लागतात. ते न करता नाव शोधलं की "सापडत नाही" असं उत्तर येतं, आणि माणूस ॲपलाच नावं ठेवतो. त्यासोबत ठिकाण आपल्याच गावाचं आहे का आणि वेळ भारतीय आहे का, हेही बघून घ्या.

मोबाईल आभाळाकडे धरून बघणार असाल तर होकायंत्रावर विश्वास ठेवू नका. लोखंडी रेलिंग, गच्चीतली पाण्याच्या टाकीची चौकट, चुंबकाचं मोबाईल कव्हर, यांतल्या कशानेही दिशा दहा-वीस अंश फिरते. आधी ओळखीच्या ताऱ्यावर ताळा करा. स्वाती ॲपमध्ये जिथे दिसते तिथेच आभाळात आहे का? नसेल तर दिशा सोडून द्या आणि ताऱ्यांच्या आधाराने जा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे सोपं होतं, नैर्ऋत्येला शुक्र झळकत होता आणि पश्चिम-वायव्येला स्वाती. १४-१५ तारखेला त्या दोघांच्या मधोमध, किंचित वर नजर टाकली की त्सुचिनशान-ॲटलास. २०२५ मध्ये शुक्र पहाटे होता, त्यामुळे एकट्या स्वातीवर भिस्त ठेवावी लागली, आणि तीही सूर्यास्तानंतर तास-सव्वा तासात मावळणारी.

ताऱ्यापासून निघताना एका वेळी अर्ध्या दृश्यक्षेत्राएवढंच सरका. आडव्या पट्ट्यांनी, क्षितिजाला समांतर, खालून वर जा. खालून यासाठी की खालचं आधी मावळणार आहे.

जागा बरोबर, वेळ बरोबर, तरी रिकामं

आता खरी गोम. धूमकेतूची प्रत ४ म्हणजे चौथ्या प्रतीच्या ताऱ्याएवढा ठसठशीत ठिपका दिसणार, असं कुणालाही वाटेल. पण ती प्रत धूमकेतूच्या सगळ्या डोक्याचा प्रकाश एका बिंदूत गोळा केला असता तर किती झाला असता, त्याची असते. प्रत्यक्षात तो प्रकाश पसरलेला असतो. चमचाभर तूप एका घासावर घेतलं तर चव कळते, तेच अख्ख्या भाकरीवर फासलं तर नुसता ओलावा राहतो.

हे स्वतः बघायचं असेल तर एक चाचणी आहे. अनुभवी निरीक्षक धूमकेतूचं तेज मोजायलाही हीच युक्ती वापरतात. अभिजितच्या शेजारी स्वरमंडलाचा छोटा तिरपा चौकोन आहे. त्यातले अंधूक तारे साधारण चौथ्या प्रतीचे. द्विनेत्री त्यांच्यावर धरा आणि फोकस मुद्दाम बिघडवत न्या, ताऱ्याची चकती चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीची होईपर्यंत. जी फिकट, जेमतेम कळणारी चकती उरली ना, चौथ्या प्रतीचा धूमकेतू साधारण तितकाच ठळक असणार आहे. तुमच्या गच्चीवरून ही चकतीच दिसत नसेल तर धूमकेतूही दिसणार नाही, आणि हे तुम्हाला पाच मिनिटांत कळलं. धूमकेतू मध्याकडे जरा दाट असतो एवढीच काय ती सवलत. उलट तो क्षितिजाजवळ असतो, चाचणीचा तारा उंचावर, हे विसरू नका.

चकती दिसते आणि तरी धूमकेतू नाही, तर आता डोळ्याकडे या. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पांढरा पडदा एकदा बघितला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. पडद्यावर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावा, नाहीतर नकाशा कागदावर काढून न्या. बघताना जागेवर थेट टक लावू नका. नजर थोडी बाजूला ठेवा आणि लक्ष मात्र त्या जागेवर. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मंद उजेडाला आंधळा असतो, कडेचा भाग तो टिपतो. तरीही शंका असेल तर टेकवलेल्या द्विनेत्रीला बोटाने हलकी टिचकी मारा. स्थिर धूसर ठिपका जो नजरेतून सुटतो, तो हलला की एकदम जाणवतो.

चंद्र बघायला विसरू नका. २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास सर्वांत चांगला होता त्याच दिवसांत, १६ ऑक्टोबरला, कोजागिरी होती. दूध आटवायला गच्चीवर जमलेल्यांनी पश्चिमेकडे बघितलं, आणि चांदण्यात त्याची शेपूट धुऊन गेलेली. १९-२० तारखेपासून चंद्र उशिरा उगवू लागला आणि अंधाराचा एक तुकडा मिळाला. तोवर धूमकेतू मंदावला होता, पण वर आला होता आणि शेपूट आधीपेक्षा लांब दिसली. "आज सर्वांत तेजस्वी" या बातमीपेक्षा अंधारात मिळणारी उंची जास्त मोलाची, असं माझं मत.

काहीतरी दिसलं, पण तोच का?

सूर्यास्तानंतर पश्चिमेला सोनेरी, शेपटीची, तिरकी रेघ दिसली आणि कुणी ओरडलं, तर दहातल्या नऊ वेळा ते विमान. त्याच्या मागची वाफेची रेघ मावळत्या उजेडात झगमगते. दोन मिनिटं थांबा. रेघ सरकते, रुंद होते, विरते. धूमकेतू ताऱ्यांच्या बरोबरीने सावकाश खाली जातो, आकार बदलत नाही. शिवाय शेपटीची दिशा बघा. ती सूर्यापासून दूर असते, म्हणजे संध्याकाळी क्षितिजापासून वरच्या बाजूला. शेपूट खाली सूर्याकडे रोखलेली दिसली तर संशय घ्या. (अपवाद आहेच. ऑक्टोबर २०२४ च्या मध्याला पृथ्वी त्सुचिनशान-ॲटलासच्या कक्षेच्या पातळीतून गेली तेव्हा धुळीचा पातळ थर आपल्याला कडेने दिसला आणि सूर्याच्या दिशेला उलटी शेपूट उमटली. फोटोंत ती छान आली.)

दुसरी गल्लत तारकागुच्छांची. द्विनेत्रीत गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा दाट गोळा, हुबेहूब शेपूट नसलेल्या धूमकेतूसारखा दिसतो. अठराव्या शतकात शार्ल मेसिए हा फ्रेंच धूमकेतू-शोधक याच गोष्टीला वैतागला होता. १७५८ मध्ये धूमकेतूच्या मागावर असताना वृषभ राशीत एक धुरकट डाग सापडला, तो हलेना. मग त्याने अशा फसव्या डागांची यादीच करायला घेतली. आज आपण एम१, एम१३, एम३१ म्हणतो ती हीच यादी. त्सुचिनशान-ॲटलास १५ ऑक्टोबर २०२४ ला एम५ या गुच्छाजवळून गेला, तेव्हा द्विनेत्रीत दोघेही शेजारी-शेजारी आले. पटकन बघणाऱ्यांपैकी काहींनी गुच्छालाच धूमकेतू म्हणून नोंदवलं असेल तर नवल नाही.

ताळा करायचा सोपा मार्ग म्हणजे कागदावर ठिपका आणि भोवतालचे चार-पाच तारे काढून ठेवणं. चित्र सुबक नसलं तरी चालेल. दुसऱ्या संध्याकाळी ठिपका ताऱ्यांमधून सरकलेला असेल तर धूमकेतू, तिथेच असेल तर मेसिएची यादी काढा.

सरावासाठी खऱ्या धूमकेतूची वाट बघत बसू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पश्चिम-वायव्येला शौरी समूहात एम१३ आणि ईशान्येकडे चढणारी देवयानी दीर्घिका, दोन्ही द्विनेत्रीत धुरकट दिसतात. एम१३ ची प्रत पावणेसहाच्या आसपास, म्हणजे बऱ्याचशा "द्विनेत्रीतल्या" धूमकेतूंएवढीच. तो ज्यांना पाच मिनिटांत सापडतो त्यांना धूमकेतूचा शोध जड जात नाही.

मोबाईलमध्ये दिसतो, डोळ्याला नाही

मोबाईलचा नाइट मोड काही सेकंद प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. हिरवा रंग द्विअणू कार्बनच्या वायूचा, तो फोटोत उठून दिसतो आणि द्विनेत्रीत बहुतेकांना राखाडीच लागतो. लेमनच्या फोटोंतली लांब निळसर शेपूट वायूची होती, ती तर जवळजवळ कॅमेऱ्यांसाठीच होती. त्सुचिनशान-ॲटलासची शेपूट धुळीची, म्हणून ती डोळ्यांना दिसली. ज्यांनी १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये वायव्येला हेल-बॉप नुसत्या डोळ्यांनी बघितलाय, त्यांच्या मनातलं माप अजून तेच असतं. तसले धूमकेतू आयुष्यात एक-दोन येतात.

पण मोबाईलला नावं ठेवू नका, त्याला शोधकामाला लावा. कठड्यावर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाने हलणार नाही, नाइट मोडमध्ये पश्चिमेचा फोटो काढा. मोठा करून बघितल्यावर धुरकट ठिपका सापडला तर त्याच्या शेजारचे दोन-तीन तारे लक्षात ठेवा, त्यांचा त्रिकोण असेल, सरळ रेघ असेल, आणि तीच रचना द्विनेत्रीत शोधा. शहरातून लेमन ज्यांना मिळाला त्यांतल्या अनेकांना तो असाच मिळाला. फोटो बघून झाल्यावर डोळा पुन्हा सरावायला वेळ द्या मात्र.

किती दिवस प्रयत्न करायचा?

सलग दोन स्वच्छ संध्याकाळी वरची सगळी तपासणी करूनही मिळाला नाही तर धूमकेतूची ताजी प्रत बघा, आठवड्यापूर्वीच्या बातमीतली नको. धूमकेतू आठवड्यात एक-दोन प्रतींनी सहज उतरतो, काही तर सूर्याजवळून जाताना फुटतात. शहरातून पाचव्याच्या खाली आणि गावाकडच्या अंधारातून सातव्याच्या खाली गेला असेल, आणि उंची दीड मुठीपेक्षा कमी असेल, तर ५० मिमीच्या द्विनेत्रीने त्याचा नाद सोडा. प्रत बरी असेल आणि अडचण फक्त चंद्राची असेल तर पौर्णिमेनंतर तीन दिवस थांबा. चंद्रोदयाआधीच्या अंधारात, आधी अभिजितवर फोकस करून, पुन्हा बघा.